मदत हवी आहे : दिवाळीच्या सुट्टीत वंडरला, पण खर्च आवाक्यात कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही उदगीरचे. घरातली लेकरं यंदा राइड्सच्या पार्कात जायचंच म्हणून हट्टाला पेटलीत. तसलंच इमॅजिका पार्क खोपोलीला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा बीदरमार्गे थेट रेल्वेनं हैदराबादचं वंडरला सोपं पडतं. एसटीनं जावं तर बायकांचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपुरतंच, म्हणून रेल्वेच बरी.

खरी मेख तिकिटाची. वंडरलात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. 140 सेंटिमीटरच्या वर गेलं की पूर्ण दर. धाकट्या दिराचा पोरगा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रोज उंची मोजतोय, आणि जाऊबाई म्हणतात, "दिवाळीपर्यंत वाढू नको रे बाबा!"

दोन्ही दिवस पार्कात घालवायची माझी तयारी नाही. एक दिवस वंडरला, दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा किल्ला आणि सालारजंग संग्रहालय, असं डोक्यात आहे. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, म्हणून बुधवार-गुरुवार गाठावा म्हणते. रामोजी फिल्म सिटी मात्र नको. सासूबाईंचे गुडघे तेवढं फिरू देणार नाहीत.

जाऊन आलेल्यांनी सांगा : आधी ऑनलाइन काढलं तर तिकीट खरंच स्वस्त पडतं का? सवलतीसाठी पुतणीचं कॉलेजचं ओळखपत्र चालेल का? पाण्यात सुती कपडे चालत नाहीत म्हणे, मग नायलॉनचे इथूनच घ्यावेत की तिथं भाड्यानं? बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तर धपाटे-चटणीचा डबा गेटाबाहेर कुठं बसून खाता येईल? आणि सासूबाईंना राइड्समध्ये बसायचंच नाही, तरी पूर्ण तिकीट लागतं का?