मिथेन हायड्रेटच्या संशोधनाचा खर्च कुठे सापडेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचीच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या मिथेन हायड्रेटची, म्हणजे मिथेन वायू अडकलेल्या समुद्रतळाखालच्या त्या ‘जळणाऱ्या बर्फा’ची माहिती गोळा करतोय. 2006 ची ‘जॉयडिस रेझोल्यूशन’ जहाजाची मोहीम, 2015 ची जपानी ‘चिक्यू’ची, हे सगळं मिळालं. पैशांचं मात्र कोडं सुटत नाही. खर्च अर्थसंकल्पातल्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांत शोधायचा, तेल उद्योग विकास मंडळाच्या वार्षिक अहवालात, की ओएनजीसीच्या हिशेबात? 2013 मध्ये हायड्रेटमधून वायू काढण्याची जपानची चाचणी विहिरीत वाळू शिरल्यानं सहा दिवसांत थांबली, तरी त्यांनी निधी चालू ठेवला. आपलं काय? गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा तर नेमका कुणाकडे?