डेलिबरेटिव्ह डेमॉक्रसीत पीएचडी केली तर पुढे काम काय असतं?

कुंपणावरची:
राज्यशास्त्रात एमए झालं, आता डेलिबरेटिव्ह डेमॉक्रसीवर (लोकांनी एकमेकांना कारणं देत, चर्चा करून निर्णय घ्यावेत या विचारावर) पीएचडी करायचं मनात आहे. प्रबंधिकेसाठी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास वाचला (झेपला तेवढा). घरचे विचारतात, "लोकांनी नीट बोलावं एवढं सांगायला पीएचडी कशाला?" सर म्हणतात, विषय छान, पण या नावाची जागा निघत नाही. इथे कुणी या विषयात मुरलेलं आहे का? रोजचं काम काय असतं, की नुसता सिद्धांतांवर सिद्धांत?

टिपणवही:
बरीच वर्षं यातच आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

सरांचं खरं आहे. नेमणूक होते ती तुलनात्मक राजकारण, राजकीय सिद्धांत नाहीतर संज्ञापनात, आणि आपला विषय आपण त्यात घुसवायचा. मी अजूनही मतदान-वर्तनाचा पेपर शिकवते. त्याची खंत नाही; पोटापाण्याचं तो पेपर बघतो.

रोजचं काम म्हणजे लोक काय बोलले ते वाचणं. ट्रान्स्क्रिप्टच्या चळती. स्टायनर, बेख्टिगर वगैरे मंडळींनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संसदेतल्या चर्चा मोजायला 'डिस्कोर्स क्वालिटी इंडेक्स' तयार केला, तो आम्ही वापरतो. "हा कर रद्द करा" एवढंच कुणी म्हटलं तर समर्थनाला (म्हणजे मागणीसाठी दिलेल्या कारणांना) शून्य. "रद्द करा, लोक वैतागलेत": कारण दिलंय, पण त्याचा मागणीशी दुवा दाखवला नाही, म्हणून एक. करामुळे काय बिघडतं आणि तो रद्द केल्यावर ते कसं सुधारेल हे पूर्ण सांगितलं की दोन, अशी निदान दोन पूर्ण समर्थनं दिली तर तीन. आदराचे गुण वेगळे. दुसरा कोडर (असे गुण लावणारा) माझा तक्ता न बघता तेच करतो आणि मग जुळवणी. आमची खडाजंगी होते ती उपहासावर. "माननीय सदस्यांचा अभ्यास दांडगाच आहे" याला आदर म्हणायचं की अनादर? मी अनादर लावते. सहकारी म्हणतो, कागदावर आवाज ऐकू येत नाही. हा वाद मिटलेला नाही आणि मिटेल असं वाटत नाही.

घरच्यांना एवढंच सांगा की हा शिष्टाचाराचा वर्ग नाही. राज्यशास्त्रज्ञ जेन मॅन्सब्रिज यांनी अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या एका छोट्या गावाच्या सभेचा अभ्यास केला, तो १९८० मध्ये पुस्तकरूपानं आला. समोरासमोरची लोकशाही म्हणून जिचं कौतुक व्हायचं, त्या सभेला काही माणसं वादाच्या भीतीनंच जात नव्हती. लिन सँडर्स यांनी १९९७ मध्ये तर थेट बोट ठेवलं: शांत, तर्कशुद्ध बोला असा आग्रह धरला की आधीच ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचीच आणखी पंचाईत होते. आयरिस यंग यांनी गोष्ट सांगणं, वक्तृत्व, एवढंच काय साधं अभिवादन यांनाही चर्चेत जागा मागितली. मला हे पटतं. चढ्या आवाजात कारण देणारा मला चालतो. गोड बोलून कारण न देणाऱ्याला शून्यच.

शेवटचा_बाक:
वाचायला झकास. पण याचं होतं काय? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ मध्ये चिठ्ठ्या काढल्यासारखे १६० नागरिक निवडले, महिनोन्महिने बसवून निवडणूक पद्धतीचा अभ्यास करून घेतला. त्यांनी सुचवलेल्या नव्या पद्धतीच्या बाजूनं २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोक, पण अट ६० टक्क्यांची. संपलं. आणि राज्यशास्त्रज्ञ डायना मट्झ २००६ मध्ये दाखवून बसल्यात की ज्यांच्या ओळखीत विरोधी मतांची माणसं जास्त, ते राजकारणात भाग कमी घेतात. मग ऐकून घेणारे नागरिक घडवायचे की मतदान करणारे?

टिपणवही:
मट्झ यांचा मुद्दा बोचरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण ब्रिटिश कोलंबियात ती नागरिकांची सभा कुठे हरली? ६० टक्क्यांचा उंबरठा सरकारनं घातला होता.

आयर्लंड बघा. डेव्हिड फॅरेल आणि इतर राज्यशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये स्वतःच एक प्रायोगिक नागरिक सभा घेऊन दाखवली. २०१२ मध्ये सरकारी घटना परिषद आली, १०० जणांत ६६ साधे नागरिक. २०१६ च्या सभेत ९९ नागरिक आणि अध्यक्ष न्यायाधीश. तिनं गर्भपातबंदीचं कलम बदलायची शिफारस केली आणि २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी कौल दिला. मंगोलियानं तर २०१७ मध्ये कायदाच केला: घटनादुरुस्तीआधी डेलिबरेटिव्ह पोल (निवडलेल्या नागरिकांची चर्चेआधी आणि चर्चेनंतर मतं घ्यायची चाचणी) घ्यायचा. ती पद्धत जेम्स फिशकिन यांची. १९८८ मध्ये मांडली, १९९४ मध्ये मँचेस्टरला गुन्हेगारीच्या प्रश्नावर पहिल्यांदा करून पाहिली. प्राध्यापकाची कल्पना कायद्यात उतरायला असा वेळ लागतो.

त्यातली मला आवडणारी खुबी म्हणजे शेवटी हात वर करायला लावत नाहीत. एकमत व्हावं असा हट्टही नसतो. आधी भरलेली प्रश्नावली पुन्हा एकदा गुपचूप भरायची. गटातल्या दादा माणसाचा दबाव त्यानं बराच उतरतो.

शेवटचा_बाक:
म्हणजे सरकारला हवं तेव्हाच ऐकणार.

टिपणवही:
हो, बहुतेकदा. म्हणूनच सभेच्या शिफारशीचं पुढे काय करायचं हे सभा भरायच्या आधी लेखी ठरवून घ्यावं, असं मी प्रत्येक आयोजकाला सांगते. काहींना ते रुचत नाही.

कुंपणावरची:
टिपणवहीताई, खूप आभार. उपहासाला गुण कुणी देत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. संख्याशास्त्र किती लागेल? माझी बोंब आहे.

टिपणवही:
नमुना निवड आणि रिग्रेशन (दोन गोष्टींमधला संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) समजलं पाहिजे, नाहीतर फिशकिन यांच्यावरची टीकाही वाचता येणार नाही. ट्रान्स्क्रिप्टला गुण लावायचं कोडिंग शिका. संधी मिळाली तर लहान गटाची मॉडरेटर म्हणून बसा. स्वतःचं मत गिळून दोन तास इतरांना बोलतं ठेवणं किती अवघड आहे ते तिथेच कळतं. आणि प्रबंधिकेत हाबरमासचा कोणता ग्रंथ घेतलात? फक्त १९६२ चा असेल तर १९९२ चाही घ्या. कायदा आणि संसद यांचा विचार त्यात आहे, परीक्षक पहिला प्रश्न तिथलाच विचारतील.