मदत हवी आहे: जीबी मेमरी कार्ट्रिजवर खेळ चढतो, व्हेरिफायही होतो, पण दुसऱ्या टप्प्यात अडकतो

कडक_भाकरी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. कार्ट्रिज निन्टेन्डोचं अधिकृत जीबी मेमरी, डीएमजी-एमएमएसए-जेपीएन, म्हणजे गेम बॉयचं पुन्हा पुन्हा लिहिता येणारं कार्ट्रिज, ज्यात जपानी दुकानातल्या यंत्रावर खेळ भरून मिळायचे. प्रोग्रॅमर (कार्ट्रिज संगणकाला जोडून वाचणारं-लिहिणारं उपकरण) जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू, सॉफ्टवेअर फ्लॅशजीबीएक्स. खेळ जीबीडीकेमध्ये (गेम बॉयचे खेळ बनवायचं साधन) लिहिलेला, माझा स्वतःचाच. २५६ केबी, एमबीसी५ (मोठ्या खेळाचे तुकडे आळीपाळीनं कन्सोलसमोर आणणाऱ्या मॅपर चिपचा एक प्रकार), सेव्हसकट.

आधी कार्ट्रिजमधला जुना मजकूर वाचून घेतला. मेनू आणि तीन खेळ होते. त्यात १ एमबीची रॉम (खेळांची फाईल) आणि १२८ बाइटची एक मॅप फाईल मिळाली. तीच मॅप फाईल नव्या रॉमच्या नावानं कॉपी करून शेजारी ठेवली आणि रॉम लिहिली. व्हेरिफाय बिनचूक.

गेम बॉयवर लोगो येतो, पहिला टप्पा नीट चालतो. दुसरा सुरू होताच चित्रांचा कचरा होऊन सगळं गोठतं. सेव्हही राहत नाही. इम्युलेटरवर मात्र दोन्ही ठीक. खेळ साठवणारी फ्लॅश चिप गेली म्हणायची का?

नवीपेठवाला

सेव्ह राहत नाही म्हणजे बॅटरी संपली. २००० सालचा माल आहे ओ. ३.८ मिमीचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर घ्या, उघडा, नवीन टाका. गोठण्याचं कारण घाण संपर्कपट्ट्या असणार. आपल्याकडची धूळ काय सांगायची!

आठबिट_आजोबा

थांबा, स्क्रू काढू नका अजून. पट्ट्या घाण असत्या तर व्हेरिफायलाच चुका दिसल्या असत्या. शिवाय गोठणं दर वेळी एकाच जागी होतंय. धूळ इतकी शिस्तीची नसते.

तुमची चूक मॅप फाईलमध्ये आहे. या कार्ट्रिजमध्ये १ एमबी फ्लॅश आणि १२८ केबी एसरॅम (सेव्हची, बॅटरीवर टिकणारी मेमरी) असते, आणि फ्लॅशपासून वेगळा १२८ बाइटचा एक लपलेला भाग. कुठला खेळ कुठून सुरू होतो, किती मोठा आहे, कोणत्या एमबीसीसारखं वागायचं, सेव्हला किती जागा द्यायची, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. कार्ट्रिजवरचा मॅपर कन्सोलला फ्लॅश दाखवतो ती या नोंदींच्या खिडकीतून.

तुम्ही जुनीच मॅप नवं नाव देऊन लावलीत. तिच्यातली पहिली नोंद मेनूची, आणि मेनूला एकच १२८ केबीचा ब्लॉक. बँक म्हणजे रॉमचा १६ केबीचा तुकडा, तेव्हा बँक ० ते ७ दिसतात. २५६ केबीच्या खेळात बँक ० ते १५ असतात. दुसऱ्या टप्प्याची चित्रं आठव्या किंवा पुढच्या बँकेत असतील. ती मागितली की भलतंच काहीतरी हाती येतं आणि खेळ कोसळतो. व्हेरिफाय पास होतं कारण सॉफ्टवेअर ही खिडकी बाजूला सारून पूर्ण फ्लॅश वाचतं. चिप ठणठणीत आहे.

आता असं करा. जुनी रॉम आणि जुनी मॅप यांची जोडी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कधी मूळ मेनू परत हवा झाला तर दोन्ही लागतील. एसरॅमचाही १२८ केबीचा बॅकअप घ्या. मग नव्या रॉमशेजारची ती नकली मॅप काढून टाका. फ्लॅशजीबीएक्सची ताजी आवृत्ती एकट्या रॉमसाठी हेडर (रॉमच्या सुरुवातीची माहितीपट्टी) वाचून योग्य मॅप स्वतः बनवते. मोड गेम बॉयचा. जुन्या प्रोग्रॅमरवर व्होल्टेजचं बटण हातानं फिरवायचं असेल तर ५ व्होल्टवर हवं, ३.३ व्होल्ट गेम बॉय ॲडव्हान्ससाठी. लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा. लिहिताना मध्येच लाइट गेली की फ्लॅश अर्धी आणि मॅप कुठलीच नाही, अशी गत होते.

कडक_भाकरी (सोलापूर)

दुसरा टप्पाच काय, शेवटपर्यंत चालला! पण सेव्ह अजूनही नाही राहत. आता उघडू का?

आठबिट_आजोबा

नाही. हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) रॉम उघडा आणि हेडरमधले तीन पत्ते सांगा: ०१४७, ०१४८, ०१४९.

कडक_भाकरी (सोलापूर)

१बी, ०३, ००.

आठबिट_आजोबा

सापडलं. १बी म्हणजे एमबीसी५, रॅम आणि बॅटरी. ०३ म्हणजे २५६ केबी. दोन्ही बरोबर. पण ०१४९ वर ००, म्हणजे रॅम शून्य. मॅप हेडरवरून बनते, तर तिनं सेव्हला जागाच ठेवली नाही. काही इम्युलेटर दिलदार असतात, १बी बघून रॅम देऊन टाकतात, म्हणून तिथं चाललं.

जीबीडीकेमध्ये कार्ट्रिजचा प्रकार आणि रॅम बँकांची संख्या हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला दिला आणि दुसरा विसरला की हेच होतं. रॅम बँक १ द्या, ०१४९ वर ०२ येईल, म्हणजे ८ केबी. हेक्स एडिटरमध्ये हातानं बदलू नका. बदललात तर ०१४डी वरचा हेडरचा चेकसम (पडताळणीचा आकडा) चुकतो आणि कन्सोल लोगोवरच थांबतो. पुन्हा बिल्ड करणं सरळ. मग रॉम आणि मॅप दोन्ही परत लिहा.

त्यानंतर बॅटरीची परीक्षा. खेळात सेव्ह करा, कन्सोल बंद करून कार्ट्रिज काढा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी सॉफ्टवेअरनं सेव्ह वाचा. गेलं असेल तर मग नवीपेठवाल्यांचं ऐका.

नवीपेठवाला

मान्य. बदलायची वेळ आलीच तर जुन्या सेलवर कोरलेला नंबर वाचून तोच घ्या, टॅब लावलेला. साध्या सेलला थेट डाग देऊ नका, तापून फुगतो. टॅबवाला इथं नाही मिळाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारा. पट्ट्या पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, थिनर नको.

पिक्सेल_पाटी

याच धाग्यात विचारतो, एका कार्ट्रिजवर चार-पाच खेळ ठेवता येतात का? आणि सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या दुसऱ्या कन्सोलच्या तशाच एसएफ मेमरी कार्ट्रिजला हाच प्रोग्रॅमर चालेल?

आठबिट_आजोबा

मेनू अधिक सात खेळांपर्यंत. पहिले १२८ केबी मेनूचे, उरलेले ८९६ केबी खेळांना. जपानातल्या लॉसन दुकानांच्या यंत्रावर हिशेब १२८ केबीच्या ब्लॉकचा होता, म्हणजे ३२ केबीचा खेळही अख्खा ब्लॉक खायचा. मॅपमध्ये प्रत्येक खेळाची नोंद लागते आणि १२८ केबी एसरॅम सगळ्यांत वाटून जाते. घड्याळ मात्र विसरा. मॅपर एमबीसी३ ची नक्कल करतो, पण कार्ट्रिजमध्ये घड्याळाचा क्रिस्टल नाही, त्यामुळे वेळ मोजणारे खेळ चालले तरी वेळ राहणार नाही.

एसएफ मेमरीसाठी जीबीएक्सकार्ट चालत नाही, खाचच वेगळी. सान्नीचा ओपन सोर्स कार्ट रीडर लागतो. तिथं फ्लॅश ४ एमबी, एसरॅम फक्त ३२ केबी. सुपर एफएक्स किंवा एसए-१ सारखी जादा चिप लागणारे खेळ त्यावर चालणार नाहीत. दोन्ही कार्ट्रिजवर खेळ भरून देण्याच्या सेवा निन्टेन्डोनं २००७ च्या फेब्रुवारीत बंद केल्या, तेव्हा मॅपचा बॅकअप हरवला तर अधिकृत यंत्रावर जाऊन परत भरून आणण्याची सोय नाही.

कडक_भाकरी (सोलापूर)

०१४९ वर आता ०२. रात्रभर ठेवलेलं सेव्ह सकाळी जसंच्या तसं वाचलं गेलं, बॅटरी जुनीच. शीर्षकात 'सुटलं' लिहितो.