एआयच्या चित्रांत शेवंती तीच राहते, मंगेशी मात्र बदलते

कुळागर
मुलांसाठी मराठीत चित्रकथा करते आहे. आठ वर्षांची शेवंती आजीबरोबर मंगेशीच्या देवळाच्या जत्रेला जाते, आणि तिथून जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर मावशीकडे. चित्रं सगळी एआयची. नमुन्याची चार पानं जोडली आहेत. 'एआयला तोच चेहरा दुसऱ्यांदा काढता येत नाही' असं लोक अजून ठासून सांगतात, म्हणून हा धागा. २०२२ साली ते खरं होतं. मार्च २०२४ मध्ये मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयने पात्राचं संदर्भचित्र जोडायची सोय दिली. त्याचं वजन, म्हणजे त्या चित्राचा प्रभाव, १०० ठेवलं तर चेहरा, केस, कपडे सगळं उचललं जायचं. ० ठेवलं तर फक्त चेहरा, म्हणजे कपडे बदलायला मोकळे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलचं नॅनो बनाना हे चित्रांचं एआय आलं. त्याला चित्र देऊन 'हिला आता फेरीत बसव' एवढं सांगितलं तरी पुरतं. माझ्या मते हौशी लेखकाचं आता चित्रकारावाचून काही अडत नाही. बोला.

रंगपेटी
मी पुस्तकांची चित्रं काढून पोट भरते, तेव्हा माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचा. चेहरा सारखा असणं वेगळं आणि पात्र तेच असणं वेगळं. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतली मिस फोन्सेका घ्या. गर्दीत कुठेही, कितीही बारीक काढली तरी ती ओळखू येते, कारण मारिओंना तिचा स्वभाव ठाऊक होता. तुमच्या टूलला संदर्भचित्राचं वजन वाढवून दिलंत की ते त्यातलं हसूसुद्धा उचलतं. तिसऱ्या पानावर जत्रेत आजी हरवली आहे आणि शेवंती दात दाखवतेय.

कुळागर
ताई, एकाच चित्रावर विसंबलं की तसं होतं. त्यावर उपाय आहे. आधी पात्राचा तक्ता करून घ्यायचा: समोरून, तिरकी, बाजूने, पाठमोरी, मग रडवेली, रुसलेली, पेंगुळलेली. ज्या पानाला जे हवं ते चित्र संदर्भ म्हणून द्यायचं.

रंगपेटी
तो तक्ता आम्हीही सगळ्यात आधी करतो. म्हणजे काम तेच, फक्त त्याचं मानधन कोणाला नाही.

ठिपकेवाला
'सीड तोच ठेवा, पात्र तेच येतं' असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. त्याच्या नादी लागू नका. ही यंत्रं विस्कटलेल्या ठिपक्यांपासून सुरुवात करतात आणि वर्णनाला जुळेल तसं त्यातून चित्र हळूहळू निवळतं. सीड म्हणजे त्या सुरुवातीच्या ठिपक्यांचा क्रमांक, बस्स. वर्णन बदललंत की मुलगीही बदलू शकते, कारण शेवंती नावाची कोणी यंत्राच्या आठवणीत नसतेच. ती खरोखर शिकवायची असेल तर लोरा करा: वेगवेगळ्या कोनांतली वीस-पंचवीस चित्रं देऊन मूळ मॉडेलला छोटी पुरवणी जोडायची. स्टेबल डिफ्यूजन किंवा फ्लक्स या आपल्या संगणकावर चालवता येणाऱ्या मॉडेलांवर होतं, ग्राफिक कार्ड मात्र बरं हवं. सगळी चित्रं एकाच अंगणातली दिलीत तर ते अंगणही तिला चिकटतं आणि मग फेरीतसुद्धा मागे तुळशीवृंदावन दिसतं.

चोडणचो
तुम्ही सगळे चेहऱ्यावर काय भांडताय? मी चारही पानं पाहिली. शेवंती तीच आहे, मान्य. मंगेशी मात्र दर पानाला वेगळी. आमच्या मंगेशीचा दीपस्तंभ अष्टकोनी, सात मजली. तुमच्या दुसऱ्या पानावर तो पाच मजल्यांचा, तिसऱ्यावर नऊ, आणि चौथ्यावर स्तंभच गायब, तिथे थेट तामिळनाडूचं गोपूर उभं. घुमट आणि उतरती कौलं एकाच देवळावर असू शकतात हे त्या टूलला पटत नाही; जालावर 'हिंदू देऊळ' म्हणून ज्यांचे ढीग पडले आहेत ती देवळं वेगळी. बलकांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, जागी अमेरिकन घराचा व्हरांडा. शिंपल्यांच्या तावदानांच्या जागी रंगीत काच. आणि फेरी? केरळची हाउसबोट, वर शाकारलेलं छप्पर! आपली फेरी म्हणजे सपाट लोखंडी तराफा, पुढचा रॅम्प धक्क्यावर खडखडत उतरतो आणि स्कूटरवाले थांबत नाहीत. दिवाडीच्या पोराला हे पुस्तक दिलंत तर ते शेवंतीकडे बघणारसुद्धा नाही, फेरीला हसत बसेल.

कुळागर
फेरीचं ऐकलं. पण फोटो पुरवले की सुटेल हे. मंगेशीचे मीच काढून आणते आणि संदर्भ म्हणून देते.

चोडणचो
द्या. पण फोटो समोरून असेल तर समोरचंच दृश्य नीट येईल. शेवंती तळीच्या बाजूने येताना दाखवायची झाली की देवळाची ती बाजू टूल मनाने रचणार. माणसाला तळी कुठे, दीपस्तंभ कुठे हे एकदा फिरून कळतं.

ठिपकेवाला
त्याला वाट आहे. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या ठोकळ्यांचं देऊळ उभं करा, हव्या त्या कोनातून कुठला भाग किती जवळ, किती लांब ते दाखवणारा नकाशा (डेप्थ मॅप) काढा आणि चित्राला त्या आकारात बांधून ठेवणाऱ्या कंट्रोलनेटला द्या. मग मजले सातच राहतात.

रंगपेटी
तुमचे ठोकळे उभे राहीपर्यंत माझी चार पानं रंगवून होतील.

लोटलीकर
मारिओंचा विषय निघालाच आहे तर: सगळ्या पानांची शैली सारखी राहावी म्हणून प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या वर्णनात, त्यांचं नाव घालणारे बरेच आहेत. ते २०११ मध्ये गेले म्हणून हात मोकळे झाले असं समजू नये. त्यांच्या रेषेवर आपलं पुस्तक उभं करणं मला तरी फुकटेपणा वाटतो.

छापखाना
मी कुळागरांच्या बाजूने. गोव्यात मराठी बालपुस्तकाची आवृत्ती इतकी लहान निघते की रीतसर मानधन धरलं तर किंमत बघून पालक पुस्तक परत ठेवतात. पण हक्कांचं बघून ठेवा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांचा हक्क मान्य केला, मिडजर्नीने काढलेल्या चित्रांचा नाकारला. आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली आहे: संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. प्रॉम्प्ट लिहिणारी ती व्यक्ती ठरते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. उद्या कोणी शेवंती टी-शर्टवर छापली तर खेटे तुम्हालाच घालायचे आहेत.

रंगपेटी
आतल्या पानावर 'चित्रे' लिहून पुढे कोणाचं नाव घालणार आहात?

कुळागर
'एआयच्या साहाय्याने' असं स्पष्ट लिहिणार. लपवाछपवी नाही.

चोडणचो
आणि फेरी?

कुळागर
फेरी रंगपेटीताईंकडून विकत घेईन, देत असतील तर.

रंगपेटी
सुटी फेरी मिळणार नाही. देऊळही घ्यावं लागेल, आणि दोन्हींवर माझी सही.