विषय: नवीन इलेक्ट्रिक गिटार, कंपनी म्हणते हवामानाचा दोष

मंडळी नमस्कार,

सध्या मी गावीच आहे, दर्यापूरच्या आत (अमरावती जिल्हा). भाच्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, ऑनलाइन, भारतातल्याच दुकानातून, बिल माझ्या नावावर. आता बारावा फ्रेट (दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) दाबला की तेराव्याचाच सूर निघते, फ्रेटची टोकं हाताला बोचतात आणि वायर हलली की ॲम्प (गिटारचा स्पीकर) खरखर करते. कस्टमर केअरवाला म्हणते हे सगळं हवामानामुळे, वॉरंटीत बसत नाही. वरून या पिनकोडवरून परत न्यायची सोय पण नाही म्हणे, मग इथपर्यंत आणून कशी दिली बाप्पा? अमरावतीचा एक रिपेअरवाला म्हणते आणा, कानस मारून देतो. पोट्टं रुसून बसलं आहे. देऊ का त्याच्याकडे?

---

ताई, कानस नोको! एकदा कोणी घासलं की कंपनीला आयतंच कारण सापडते. ट्रस रॉडही (दांड्याचा वाक कमीजास्त करायची आतली सळई) कोणाला फिरवू देऊ नका. तुम्ही तिन्ही तक्रारी एकाच दमात सांगितल्या म्हणून त्यांनीही एकाच दमात उडवल्या असं मला वाटते.

टोकं बोचणं हे खरंच कोरड्या हवेनं होते, लाकूड आडवं आकसते, फ्रेट धातूचा, तो आकसत नाही, मग टोकं बाहेर येतात. इकडे मिनेसोटात हिवाळ्यात हीटरनं घर कोरडं पडते तेव्हा माझ्या गिटारचंही तेच होते, तर वऱ्हाडातल्या मे महिन्याचं काय सांगावं. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे हा मुद्दा फार ताणू नका. (कूलरच्या खोलीत ठेवली तर बरंच आहे, पण थेट झोतात नको, तारा गंजतील.)

तेराव्या फ्रेटवर मात्र अडून बसा. हवेनं नेक (गिटारचा दांडा) वाकली तर फरक बऱ्याच फ्रेटवर जाणवते, मधला एकच उंच असला तर तो फॅक्टरीतच नीट बसला नाही किंवा लेव्हल करताना सुटला, ही शक्यता जास्त. एटीएम कार्डाची आखूड बाजू दोन तारांच्या मधून १२, १३, १४ अशा तीन फ्रेटवर उभी टेकवा, मधला उंच असला तर कार्ड डुगडुगते. सगळ्या तारांमध्ये करून पाहा आणि व्हिडिओ काढा, सिरियल नंबर त्याच व्हिडिओत दिसू द्या.

खरखरीसाठी आधी दुसरी वायर लावून पाहा. तरी खरखरली तर गिटारचा जॅक (वायर खुपसायचं भोक) ढिला आहे नाहीतर आतलं सोल्डर सुटलं आहे, याचा हवेशी काय संबंध? नुसता हम्म आवाज येत असेल आणि तारांना हात लावला की कमी होत असेल तर तो तक्रारीत घालू नका, सिंगल कॉइल पिकअप (तारांचा सूर पकडणारं, एकाच वेटोळ्याचं चुंबक) असले की थोडाफार येतेच, त्यात आपल्या गावातलं अर्थिंग!

---

ताई, माझे दोन पैसे. फोनवर भांडू नका, दुकानाच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला (तक्रार अधिकाऱ्याला) लेखी मेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाल लावायचा असते, आणि सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. पिनकोडचं रडगाणं त्यांनी आपसात गावं. तरी नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, म्हणजे अमरावतीलाच. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल तुमच्या नावावर आहे म्हणून तक्रारही तुमच्याच नावानं जाऊ द्या, भाच्याच्या नाही.

---

दोघांचेही आभार. कार्ड तेराव्यावर चांगलंच डुगडुगते, तेही फक्त बारीक तारांकडच्या बाजूनं. शेजारच्या भजनी मंडळाच्या माईकची वायर आणून लावली (सुदैवानं पिन तीच निघाली), तरी खरखर तशीच. मेल टाकला, व्हिडिओ जोडले, टोकांचं शेवटी एका ओळीत लिहिलं. गिटार परत न्यायला अमरावतीच्या बहिणीचा पत्ता दिला, पण लिहिलं की ही माझी सोय, तुमची सुटका नाही. आता एवढंच सांगा, पाठवताना तारा पूर्ण काढायच्या का नुसत्या सैल करायच्या?

---

नुसत्या सैल, त्याही थोड्या. आणि नेकच्या खाली थर्माकोल घालजा.