विषय: बेळगाव – किल्ली फिरवली की नुसतं 'टक्', गाडी चालूच होत नाही

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या नाटकाच्या तिकिटांच्या मेलांमध्ये गाडीचं दुखणं घुसवतेय, माफ करा. सुट्टीवर टिळकवाडीला घरी आलेय. बाबांची दहा वर्षांची पेट्रोल गाडी सगळा पावसाळा पोर्चमध्ये उभी होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलंय. शेजारचा मुलगा दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवायचा.

परवा किल्ली फिरवली तर 'टक्'. बस्स. बॅटरीवाल्याने बॉनेट पुरतं उघडायच्या आधीच 'बॅटरी गेली' म्हणून सांगितलं आणि नवी बसवली. जुनी बदल्यात घेऊन गेला. नव्या बॅटरीवरही 'टक्'! आता म्हणतो, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदला. येत्या रविवारी बाबांना कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचंय. कुणाला काही सुचतंय?

– टिळकवाडीची लेक

---

आमच्याकडे मिनेसोटात दर जानेवारीत हेच होतं. थंडीने बॅटरी अर्धमेली होते. सरळ नवी बॅटरी घाला, प्रश्न मिटेल.

---

अहो, नवीच आहे! मेल शेवटपर्यंत वाचत चला की.

---

बाळ,

काय गं, सेल्फ बदलायला निघूलालीस की काय? थांब जरा. उद्यमबागेत तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली, आता लेकीकडे बसून नातवाच्या सायकली करतोय, तेव्हा वेळ भरपूर आहे.

पहिलं सांग, 'टक्' एकदाच होतंय की टकटकटकटक अशी सुतारपक्ष्यासारखी? टकटक असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचा तारेचा जोड, ढिलं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो, परत ओढतो. एकच टक् असेल तर बॅटरीवर लगेच आळ घेऊ नये.

दुसरं, हेडलाइट लावून सेल्फ मार. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट पुढे जातच नाहीये.

कुणाकडे व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर बॅटरीवर लाव. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. सेल्फ मारताना किती पडतं ते कळव. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पट्ट्यापाशी, फॅनपाशी कुणाचा हात नको.

– उद्यमबागवाले काका

---

काका, शेजारच्या मुलाकडे मीटर निघालं. एकच टक्. दिवे लख्ख. आधी १२.६, सेल्फ मारताना १२.३.

---

मग सेल्फच गेला हो. मिळतो की नवा, कशाला डोकं लावता? आणि सचिव या नात्याने विनंती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेलखाली गाडीची उत्तरं देऊ नका. दोघांनी तिळगुळाच्या ऑर्डरीत 'टर्मिनल घासा' लिहिलंय.

---

सचिवसाहेब, सेल्फ असूही शकतो, नाही म्हणत नाही. सेल्फच्या मोटरमधले करंट पोचवणारे ब्रश झिजले किंवा सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळले तरी अस्संच एक टक् होतं. पण सेल्फ खरंच फिरायला लागला तर शेकड्याने अँपिअर ओढतो. मग बॅटरी १२.३ वर निवांत कशी बसेल? म्हणजे वाटेत कुठेतरी रस्ता तुटलाय. जायचा किंवा यायचा. यायचा रस्ता सगळेच विसरतात.

बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिनपासून बॉडीला तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी दिलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा लागतो माहीतच आहे. पोर्चमधली ओल, वरून उभी गाडी. पट्टीच्या बोल्टखाली हिरवट गंज धरतो. दिव्यांचं अर्थिंग बॉडीला असतं, म्हणून ते छान जळतात आणि माणूस फसतो.

आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धर आणि सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर चोर सापडला. मग जंपर केबलची काळी तार मायनसवरून थेट इंजिनला लाव आणि परत किल्ली फिरव.

---

काका!!! सहा व्होल्ट आले! केबल लावली आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू!! बाबा बाहेर आले आणि म्हणाले, 'आता बंद करू नकोस, आजच जाऊया.'

---

बंद कर गं. केबलवर कोल्हापूरला जायचं नाही. आधी बॅटरीचा मायनस सोड, मग पट्टी. दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास. तारा तुटलेल्या दिसल्या तर पट्टी नवीच घाल. घट्ट आवळून वर ग्रीस, आणि मायनस सगळ्यात शेवटी.

आणि त्या मुलाला सांग, दर रविवारी पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन फिरवणं म्हणजे बॅटरीकडून उसनं घेऊन अर्धंच फेडणं. खानापूर रस्त्याला अर्धा तास चक्कर मारून आणली तर उपयोग. नाहीतर महिनोन्‌महिने उभी ठेवताना मायनस काढून ठेवावा.

---

काल दर्शन झालं. येताना निपाणीला चहाला थांबलो, गाडी मुद्दाम बंद केली, परत चालू झाली. पट्टी नवी घातलीय, जुनी हातात घेतली तर तारांचा चुराच पडला.

बाबांचं आता एकच चाललंय. जुनी बॅटरी दोनच वर्षांची होती, ती परत आण म्हणतात. दुकानात फोन केला, तर तो म्हणाला, 'ती? ती विकली की ताई.'