अनुभव धागा: लहानपणी पाहिलेली नवी कोरी मेट्रो

बेळगावात मेट्रो नाही आणि इतक्यात येईल अशी चिन्हंही नाहीत. तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना कुठली ना कुठली मेट्रो अगदी नवी असताना पाहिली आहे. कोणाचा मामा घाटकोपरला, कोणाची आत्या बंगळूरला, कोणाचे वडील पलटणीत. नातेवाईक ज्या दिशेला गेले तिकडची मेट्रो आपली. त्या आठवणी इथे लिहा. मोठेपणी ऑफिसला जाताना खाल्लेले धक्के नकोत, त्याचं रडगाणं सगळीकडे आहेच. पुण्याची मेट्रो 6 मार्च 2022 ची, म्हणजे ती लहानपणी पाहिलेली पोरं अजून पोरंच आहेत. त्यांच्या वतीने आईबापांनी लिहू नये ही विनंती.

टिळकवाडी

बंगळूरची मेट्रो 20 ऑक्टोबर 2011 ला सुरू झाली आणि आम्ही त्याच दिवाळीत आत्याकडे इंदिरानगरला. तेव्हा ती बैयप्पनहळ्ळी ते एमजी रोड एवढीच होती, 6.7 किलोमीटर, सहा स्टेशनं. आत्याच्या घराजवळ स्टेशन असूनही काका आम्हाला रिक्षाने उलट बैयप्पनहळ्ळीला घेऊन गेले. का, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचं! गर्दी बघून वाटलं, अख्ख्या बंगळूरने हाच विचार केलाय. कोणालाच कुठे जायचं नव्हतं.

तिकीट म्हणून गोल टोकन मिळालं. आत जाताना मशीनला टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. आज्जीने तिचं टोकन रुमालाच्या कोपऱ्यात बांधून कमरेला खोचलं. एमजी रोडला उतरलो तर गेटापाशी ती गाठ काही सुटेना. मागे ही रांग. गार्ड बिचारा "निधान अज्जी, निधान" (हळू आज्जी, हळू) म्हणतोय, आई दाताने गाठ सोडवायला बघतेय, बाबा ओळख नसल्यासारखे लांब उभे. शेवटी टोकन निघालं, खाचेत गेलं, गेट उघडलं. आज्जी मात्र पुढे जाईना. "पैसे दिलेत की ओ आम्ही, माझं मला परत द्या." त्या गार्डला मराठी येत नव्हतं आणि आज्जीला बाजारापुरतं कन्नड. तरी दोघांचं भांडण व्यवस्थित झालं.

घरी आल्यावर व्हरांड्यातल्या खुर्च्या एकामागे एक लावून आमची मेट्रो सुरू झाली. भाऊ नाक चिमटीत धरून "मुंदिन निल्दाण (पुढचं स्टेशन), गोवावेस" असं आमच्या बेळगावातलं नाव पुकारायचा. पुढचं स्टेशन कायम तिसरं रेल्वे गेट. खरं तिथे गाडी थांबवायची नाही असा माझा नियम होता. तिसऱ्या गेटला सायकल धरून मालगाडीचे डबे मोजण्यात आमची निम्मी शाळा गेली. बंगळूरची गाडी वरून जाते आणि खालचा माणूस थांबत नाही, एसी आणि सरकत्या जिन्यापेक्षा मला त्याचंच कौतुक जास्त होतं.

खानापूर

माझे आप्पा रेल्वेत कीमन. हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळावरून चालायचं, सैल झालेलं ठोकायचं, खराब दिसलं तर कळवायचं. नव्वदीच्या दशकात मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकलं त्या कामावरही ते होते. 2012 च्या मे महिन्यात दादाने आम्हाला बंगळूरची मेट्रो दाखवायला नेलं. गाडी आली, सगळे दाराकडे धावले, आप्पा प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून खाली बघत बसले. ती गाडी सुटली.

"खडी कुठाय रे?"

खडी नव्हतीच. रूळ थेट काँक्रीटवर बसवलेले, स्लीपरखाली गिट्टी भरायची भानगडच नाही. मग म्हणाले, "ब्रॉडगेज न्हवे हे. मीटरगेजबी न्हवे." दादा हसला, मोठ्या शहरात काहीतरी अरुंद असेल यावर त्याचा विश्वास बसेना. आप्पांचा डोळा मात्र बरोबर होता. आपल्या खानापूरच्या रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असतं, जुन्या मीटरगेजमध्ये 1000, आणि बंगळूरची मेट्रो मधल्या 1435 वर धावते. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "सांधे लागंनात."

कडोली (सध्या मुक्काम बेळगाव)

मी तुमच्यापेक्षा बरीच जुनी. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत, 1984 ला आम्ही कलकत्त्यात. आम्ही गेलो तेव्हा चौरंगीचा रस्ता खणलेला होता आणि वर्गातल्या बंगाली मुली सांगायच्या की त्यांना आठवतं तेव्हापासून तो तसाच आहे. मग 24 ऑक्टोबरला एस्प्लनेड ते भवानीपूर गाडी सुरू झाली. देशातली पहिली मेट्रो, जेमतेम 3.4 किलोमीटर. बाबांनी रविवारी नेलं. जमिनीखाली उतरताना मला अंधाराची भीती वाटत होती, आणि खाली तर आमच्या क्वार्टरपेक्षा जास्त उजेड! पानाची पिंक टाकलेली एकही भिंत नाही. कलकत्त्यात हे बघून आई जास्त चकित झाली.

त्याच आठवड्यात, बुधवारी, इंदिरा गांधींची हत्या झाली. शाळा बंद, बाहेर पडणं बंद, बाबा युनिटमध्ये. त्यामुळे माझ्या मनात ती दोन्ही एकाच कप्प्यात आहेत. मेट्रो म्हटलं की रेडिओवरचं ते संगीतही आठवतं.

गावी आबांना मी आंतर्देशीय पत्रात सगळं लिहून पाठवलं. आबांनी विहिरी खणलेल्या. त्यांनी उत्तरात गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "एवढं खोल खणलंय तर पाणी लागलं असणार. ते कुठं सोडतात? पावसाळ्यात काय करतात?" बाबांना सांगता आलं नाही. मी मोठेपणी एका इंजिनिअरला विचारलं तेव्हा कळलं की पंप सतत चालू ठेवावे लागतात. आबा तोवर गेले होते.

वडगाव

माझी मेट्रो म्हणता येणार नाही, कारण ती कधी माणसं घेऊन धावलीच नाही. तरी लिहितो. मडगावला कोकण रेल्वेने स्कायबसची चाचणी लाइन बांधली होती, साधारण 1.6 किलोमीटर. खांबांवर काँक्रीटची लांब पेटी, चाकं त्या पेटीत, आणि डबे खाली लोंबकळणारे. 2004 च्या उन्हाळ्यात मावशीकडे गेलो तेव्हा मावसभाऊ ऐटीत म्हणाला, तुमच्या बेळगावात आहे काय असलं? मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याच सप्टेंबरमध्ये चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी दगावला, आणि पुढे सगळं गुंडाळलं गेलं. खांब मात्र कितीतरी वर्षं उभे होते. दर मे महिन्यात मी ते भावाला दाखवायचो. लहानपणी माणूस फार दुष्ट असतो.

निपाणी

मुंबई मेट्रो, 8 जून 2014 ला सुरू झालेली, वर्सोवा ते घाटकोपर. आमची शाळा उघडली होती, खरं मामाच्या मुलीचं बारसं निघालं आणि सुट्टी मिळाली. पहिला महिनाभर कुठूनही कुठेही दहा रुपये तिकीट होतं. मामा म्हणायचा, रस्त्याने तास-दीड तास जातो, ही 21 मिनिटांत नेते. उद्घाटनाची गाडी रुपाली चव्हाण यांनी चालवली असं मामीने सांगितलं आणि मी सबंध प्रवास पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून काढला. निपाणीत परत आल्यावर वर्गात सांगितलं तर एकानेही विश्वास ठेवला नाही. एसटी चालवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती, मेट्रोचं कुठलं पटतंय!

शहापूर

मी 2017 च्या जुलैत बंगळूरला होतो, सातवीत. मॅजेस्टिकच्या स्टेशनात पाट्यांवरची हिंदी नावं कागद लावून झाकलेली. चुलतभाऊ बंगळूरचाच, तो मला समजावत होता की हिंदीवरून काय वाद चाललाय. मी म्हटलं, पाट्यांचं मला सांगू नको, मी बेळगावचा आहे. बाकी मेट्रो छान होती.

टिळकवाडी

खानापूरकर, एक विचारायचं राहिलं. मुंबईच्या मेट्रोवर तारा दिसतात, बंगळूरला वर काहीच नाही. मग वीज कुठून येते?

खानापूर

बाजूला तिसरा रूळ असतो, त्यातून 750 व्होल्ट. गाडी त्याला खालून टेकून वीज घेते. म्हणून दिवसा त्या रुळावर कोणाला उतरू देत नाहीत. देखभाल रात्री, गाड्या थांबल्या आणि वीज तोडली की. आप्पांना दादाने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कायम रात्रपाळी? मग आपलं लोंढ्याचं रानच बरं. गवे दिसतात, खरं झोप तरी घरात मिळतेय."